ऋभू हे नाव ठेवताय? उच्चार, स्पेलिंग, किती कॉमन आहे वगैरे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या लेकाचं नाव ऋभू. नाव ठेवल्यापासून तेच तेच प्रश्न येतात, नातेवाईकांकडून येतात, दवाखान्यात येतात, आणि आता तर मैत्रिणींच्या मैत्रिणी मेसेज करतात की आम्हालाही हे नाव आवडलंय पण सासूबाई म्हणतात उच्चार कठीण आहे, काय करू. दरवेळी तुकड्यातुकड्यात उत्तरं देण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून ठेवतेय.

उच्चार नक्की काय? रुभू की रिभू?

मराठी घरात रुभू. ऋतू, ऋषी, ऋण म्हणताना तोंडातून जो रु येतो तोच. पहिलं अक्षर आखूड, दुसरं लांब, म्हणजे रु-भू. काही जण प्रेमाने "रूऽभू" करतात, दोन्ही लांब, ते नको, त्याने नावाची चालच बदलते. आणि भ म्हणजे भच, "रुबू" नाही. भ म्हणताना तोंडासमोर तळहात धरा, हवेचा झोत हाताला लागला पाहिजे. आमच्या शेजारच्या छोट्या मुलीला मी असंच शिकवलं आणि आता ती सगळ्यांत नीट म्हणते.

मग हिंदीवाले रिभू म्हणतात ते चुकीचं आहे का?

नाही. आणि आपलं रुभूही चुकीचं नाही. हे जरा सविस्तर सांगते, कारण यावरून घराघरात वाद होतात आणि तेही अर्धवट माहितीवर.

ऋ हा संस्कृतात स्वर आहे, व्यंजन नाही. अ, इ, उ जसे स्वतःच्या पायावर उभे राहतात तसाच ऋ. "ऋटुरषाणां मूर्धा" असं सूत्र आहे, म्हणजे ऋ, ट-वर्ग, र आणि ष यांचं उच्चारस्थान मूर्धा, टाळूचा वरचा भाग. करून बघायचं असेल तर जिभेचं टोक वर वळवा, र म्हणायला सुरुवात करा आणि त्याच्या पुढे अ, इ, उ काहीही न लावता तो र तसाच थोडा धरून ठेवा. जो आवाज येईल तो मूळ ऋ च्या बराच जवळचा. त्यात रु पण नाही आणि रि पण नाही.

हा निखळ उच्चार रोजच्या बोलण्यातून फार पूर्वीच गेला. प्राकृतात ऋ च्या जागी कुठे अ आला, कुठे इ, कुठे उ. म्हणून तर संस्कृत मृत्तिका आपल्याकडे माती झाली आणि हिंदीत मिट्टी, पृष्ठ आपल्याकडे पाठ झालं आणि हिंदीत पीठ. पुढे संस्कृत शब्द पुस्तकातून जसेच्या तसे परत वापरात आले तेव्हा प्रत्येक प्रदेशाने ऋ वाचायची आपापली सवय लावून घेतली. मराठी, गुजराती, ओडिया, कन्नड, तेलुगू या पट्ट्यात रु. हिंदी, बंगाली वगैरेंमध्ये रि. दोन्ही सवयी शेकडो वर्षं जुन्या आहेत, त्यामुळे कोणी तुम्हाला "शुद्ध उच्चार रिभू आहे" असं ठासून सांगितलं तर ते शुद्ध नाही, ते हिंदी आहे, एवढंच. हिंदी असण्यात वाईट काही नाही पण मराठी माणसाने स्वतःचा उच्चार अशुद्ध समजून सोडून द्यायचं काहीच कारण नाही, हे मला अगदी मनापासून वाटतं.

क्रिकेटवाल्यांसाठी सोपं उदाहरण: ऋतुराज गायकवाड आणि ऋषभ पंत. दोघंही १९९७ चे, दोघांच्या नावाची सुरुवात एकाच अक्षराने, पण पुण्याच्या ऋतुराजचं इंग्रजी स्पेलिंग आर-यू ने आणि उत्तराखंडच्या ऋषभचं आर-आय ने. अक्षर तेच आहे, फक्त ते वाचणारा प्रदेश वेगळा.

वेद म्हणणारे गुरुजी काय म्हणतात?

तिथेही प्रांताप्रमाणे फरक आहेच. महाराष्ट्रातल्या वैदिकांच्या तोंडी ऋ हा रु कडे झुकतो, उत्तरेकडे रि कडे. वेदात मात्र या शब्दाला स्वर असतो, इथे स्वर म्हणजे म्हणतानाचा आवाजाचा चढ-उतार, आणि उदात्त, म्हणजे उंच स्वर, दुसऱ्या अक्षरावर, भु वर आहे. रोज हाक मारताना याची गरज नाही, पण बारशाला किंवा मुंजीला कोणी सूक्त म्हणणार असेल तर त्यांना ते माहीत असतंच.

लिहायचं कसं, ऋभु की ऋभू?

संस्कृत लिहिताना ऋभु, शेवटचा उकार ऱ्हस्व. मराठीत नाव म्हणून लिहिताना ऋभू, दीर्घ. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम आहेत ना, १९६२ चे, त्यात व्यक्तिनामं शेवटी दीर्घ लिहावीत असं स्पष्ट आहे. म्हणून आपण विष्णू, हरी, मनू असं लिहितो, संस्कृतात तेच विष्णु, हरि, मनु असतात. तोच न्याय इथे. प्रत्यय लावतानाही ऋभूला, ऋभूचा, ऋभूने.

पत्रिकेवर संस्कृत श्लोकासोबत नाव छापताना कोणी ऋभु लिहिलं तर भांडू नका. पण दाखल्यावर एकच रूप ठेवा, त्याबद्दल खाली लिहिलंय.

अर्थ काय?

इथे मी थोडी रमणार आहे कारण नाव आवडलं ते अर्थामुळेच.

ऋभु हे ऋग्वेदातले कारागीर देव. तिघे भाऊ: ऋभु, विभ्वा आणि वाज. तिघांना मिळून "ऋभव" म्हणतात. सुधन्व्याचे मुलगे म्हणून सौधन्वन. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे हे जन्माने देव नव्हते. माणसं होती. हातातल्या कौशल्यामुळे आणि कामामुळे त्यांना देवपण मिळालं, सोमयागात तिसऱ्या सवनात, म्हणजे सोम गाळून अर्पण करायच्या संध्याकाळच्या फेरीत, त्यांचा वाटा ठरला. वेदात एवढे देव आहेत, पण काम चांगलं केलं म्हणून देव झाले अशी गोष्ट मला तरी दुसऱ्या कोणाची इतकी आवडली नाही.

त्यांनी काय काय केलं बघा. अश्विनीकुमारांसाठी रथ बनवला, तोही तीन चाकांचा, ज्याला घोडा नाही की लगाम नाही आणि तरी तो आकाशात फिरतो. इंद्राचे दोन घोडे घडवले. कातड्यापासून गाय केली. देवांचा कारागीर त्वष्टा, त्याने केलेला एकच चमस होता, म्हणजे सोम प्यायचं लाकडी पात्र, त्याचे यांनी चार केले. आणि म्हाताऱ्या आईवडिलांना पुन्हा तरुण केलं! हे शेवटचं मी आमच्या सासऱ्यांना सांगितलं आणि त्या दिवसापासून त्यांचा नावाला असलेला विरोध मावळला.

वाचायचं असेल तर पहिल्या मंडलातलं विसावं सूक्त छोटं आणि सोपं आहे, तिथून सुरू करा. चौथ्या मंडलात ३३ ते ३७ अशी सलग पाच सूक्तं यांचीच आहेत. तिथे अशीही एक ओळ येते की अगोह्य नावाच्या यजमानाच्या घरी हे बारा दिवस पाहुणे म्हणून झोपले आणि त्यानंतर शेतं चांगली झाली, नद्या वाहू लागल्या. बारशाच्या बारा दिवसांशी त्याचा काही संबंध नाही, पण मला ते वाचून छान वाटलं होतं.

शब्द म्हणून बघितलं तर अभ्यासक ऋभु चं नातं "रभ्" या धातूशी जोडतात. रभ् म्हणजे पकडणं, हाती घेणं. आपला आरंभ शब्द त्याच धातूचा. म्हणजे ऋभु हा हाताने कुशल, कामाला हात घालणारा. यास्काने निरुक्तात, म्हणजे वेदातल्या शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात, वेगळ्या व्युत्पत्ती दिल्यात, "खूप चमकतात ते" किंवा "ऋताने चमकतात ते" अशा. अमरकोशात तर ऋभु हा देवांसाठीचा एक शब्द म्हणूनच दिलाय. त्यामुळे नेटवर कुठे कुशल, कुठे तेजस्वी, कुठे देव असे तीन वेगवेगळे अर्थ दिसले तर गोंधळू नका, तिन्हीला आधार आहे.

ऋभु नावाचे ऋषी पण होते ना?

हो. विष्णुपुराणात ब्रह्मदेवाचे पुत्र ऋभु आणि त्यांचा शिष्य निदाघ यांची गोष्ट आहे. गुरू वेष बदलून शिष्याला भेटायला येतात, राजाची मिरवणूक चाललेली असते, ऋभु विचारतात यातला राजा कोण. निदाघ म्हणतो तो हत्तीवर बसलाय तो. हत्ती कोणता आणि राजा कोणता? वर राजा, खाली हत्ती. मग वर म्हणजे काय आणि खाली म्हणजे काय? तेव्हा निदाघ सरळ त्यांच्या अंगावर चढून बसतो आणि म्हणतो आता मी वर, राजासारखा, आणि तुम्ही खाली, हत्तीसारखे. त्यावर ऋभु विचारतात, मग तू कोण आणि मी कोण? तिथे निदाघाला कळतं की हे आपले गुरूच. अद्वैत शिकवायची याहून सुंदर गोष्ट नसेल. ऋभुगीताही याच गुरुशिष्यांच्या नावाची, शिवरहस्यातला भाग आहे तो, आणि रमण महर्षी तिचा तमिळ पाठ वाचायला आवर्जून सांगत. नाव गूगल केलंत तर बहुतेक आधी हेच समोर येईल, वेदातले ऋभु नंतर.

हे नाव किती कॉमन आहे?

कमी आहे, खूपच कमी. पण आकडा विचाराल तर भारतात तो मिळणारच नाही कारण आपल्याकडे बाळांच्या नावांची सरकारी यादी प्रसिद्धच होत नाही. जन्मनोंदणी होते, पण यंदा कोणतं नाव किती बाळांना ठेवलं असं कोणी छापत नाही.

मग त्या बाळांच्या नावांच्या साइटवर "टॉप शंभर", "लोकप्रियता ८७ टक्के" असं येतं ते काय? ते त्यांच्या स्वतःच्या साइटवर किती जणांनी ते पान उघडलं, किती जणांनी हार्ट दाबलं त्यावरून काढलेलं असतं. नाव आवडणं आणि नाव ठेवणं यात फरक आहे, हजार जण बघतात आणि शेवटी रेयांश ठेवतात. त्यामुळे त्या आकड्यांवरून ना घाबरा ना खूश व्हा.

परदेशात असाल तर तिथे खरे आकडे मिळतात. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीवाले दरवर्षी यादी काढतात, वर्षभरात एखादं नाव किमान ५ मुलांना ठेवलं असेल तरच ते त्यात येतं, त्याखालचं गोपनीयतेसाठी वगळतात. इंग्लंड-वेल्समध्ये ही मर्यादा ३ ची आहे. फक्त एक लक्षात ठेवा, तिथे प्रत्येक स्पेलिंग वेगळं नाव म्हणून मोजतात. म्हणजे आपलं एकच ऋभू तिथे यू वालं वेगळं, आय वालं वेगळं, आणि दोन्ही पाचच्या खाली राहिले तर यादीत एकही दिसणार नाही.

मतदार यादीत शोधायची आयडिया एका मैत्रिणीने काढली होती. चांगली आहे, पण मतदार यादीत १८ च्या पुढचेच लोक, त्यामुळे ती वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या आईबापांची आवड सांगते, आजची नाही. आज तुमच्या आजूबाजूला किती ऋभू आहेत हे बघायचं असेल तर जवळच्या बालवाडीच्या याद्या आणि लहान मुलांच्या डॉक्टरांचं रिसेप्शन यासारखी जागा नाही. तिथल्या मावशींना विचारा, त्या दिवसभर नावंच पुकारत असतात.

मग नाव दुर्मिळ असलं तरी मुलगा वर्गात वेगळा दिसेल का?

दिसेल, आणि ऐकायला मात्र गर्दीत असेल. कारण रु ने सुरू होणारी नावं मराठी वर्गात भरपूर: ऋग्वेद, ऋषिकेश, ऋतुजा, ऋचा, ऋत्विक, ऋजुता, वर रुद्र आणि रुही. बाईंनी "रु..." म्हटलं की चार माना वर होतात. हे मी वाईट म्हणून सांगत नाहीये, उलट चांगलंच आहे, नाव नवीन असलं तरी त्याचा पहिला आवाज कानाला ओळखीचा असतो म्हणून लोक ते लवकर पकडतात. जी नावं पूर्णच अनोळखी आवाजाची असतात त्यांचे हाल जास्त.

या नावाचं कोणी प्रसिद्ध आहे का?

सिनेमा दिग्दर्शक ऋभु दासगुप्ता आहेत. आणि बालहक्कांसाठी काम करणारे वकील भुवन ऋभु, कैलाश सत्यार्थींचे चिरंजीव, त्यांच्या नावात ऋभु शेवटी येतं. दोघंही इंग्रजीत आर-आय ने लिहितात, त्यामुळे बातम्यांमध्ये नाव वाचलेले लोक रिभू म्हणतात, साहजिकच आहे.

इंग्रजी स्पेलिंग काय ठेवायचं?

हा खरा कळीचा प्रश्न. देवनागरीत नाव एकच आहे, सगळा घोळ इंग्रजीत. आणि शाळा, बँक, विमान सगळीकडे इंग्रजीच चालतं.

दोन सरळ पर्याय आहेत. आर-यू-बी-एच-यू किंवा आर-आय-बी-एच-यू.

यू वालं ठेवलंत तर मराठी उच्चार जपला जातो. महाराष्ट्रात ऋतुजा, ऋचा, ऋषिकेश या नावांना यू लावायची पद्धत रुळलेली आहे, त्यामुळे इथल्या शाळेत, ऑफिसात कोणी अडखळत नाही. तोटा असा की इंग्रजीतून वाचणारा अमराठी माणूस कधी रुभु म्हणेल, कधी "रबू" म्हणेल, कारण इंग्रजीत यू चा उच्चार कधी उ तर कधी अ. शिवाय त्याला यामागे ऋभु आहे हे पटकन कळत नाही, त्याला ते रूबीचं लहान रूप वाटतं.

आय वालं ठेवलंत तर देशभरात आणि पुस्तकांत जे स्पेलिंग चालतं ते मिळतं, मुलाने उद्या नाव शोधलं तर वेदातले ऋभुही सापडतील. पण मग मराठी शिक्षक सुद्धा हजेरी घेताना रिभू म्हणणार, घरी रुभू आणि बाहेर रिभू अशी दोन नावं होणार. काही मुलांना त्याचं काही वाटत नाही, पण तुमच्या मनाला ते चालणार आहे का हे आधी ठरवा.

आम्ही यू वालं ठेवलं. माझं मत स्पष्ट आहे की घरात ज्या आवाजाने हाक मारता तोच आवाज स्पेलिंगमध्ये असावा, बाकीच्यांना एकदा सांगितलं की कळतं. पण दिल्ली, कोलकाता किंवा तिकडे कुठे कायमचे राहणार असाल, आजूबाजूला सगळे रि म्हणणारेच असतील, तर आय घ्या आणि घरीही रिभू म्हणा, त्यात मराठीपण काही कमी होत नाही. मधलं काहीतरी करू नका, म्हणजे स्पेलिंग आय आणि हट्ट रुभूचा. त्यात आयुष्यभर दुरुस्त्या करत बसावं लागतं, आणि त्या तुम्हाला नाही, पोराला कराव्या लागतात.

पुढे एच लावलेला चालेल का? हृतिकसारखा?

शक्यतो नको. एच चा उगम असा आहे की हृषीकेश या नावात खरंच हृ आहे, हृषीक म्हणजे इंद्रियं, त्यांचा ईश तो हृषीकेश. तिथे एच बरोबर. त्यावरून तो ऋ च्या नावांनाही चिकटत गेला. ऋभू मध्ये ह कुठेच नाही. अंकशास्त्रवाल्यांनी सांगितलं म्हणून एच किंवा जास्तीचा बी, जास्तीचा ओ घालणारे आहेत, ज्याची त्याची श्रद्धा, पण मग देवनागरीत उलटं लिहिताना लोक "हृभू" करतात आणि ते नावच राहत नाही.

जन्मदाखल्यावर, आधारवर काय काळजी घ्यायची?

इथे नीट लक्ष द्या, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण तेव्हा बाळाचं नाव द्यायलाच हवं असं नाही. नाव न देता नोंद करता येते आणि १२ महिन्यांच्या आत ते विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणजे उच्चार-स्पेलिंगवर घरात एकमत होत नसेल तर हॉस्पिटलमध्ये घाईघाईत काहीतरी लिहून देऊ नका, थांबा, कायदा वेळ देतो. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच शाळा प्रवेश, पासपोर्ट, लायसन्स, मतदार नोंदणी या सगळ्यासाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा ठरलाय, त्यामुळे हा एक कागद आधीपेक्षा जास्त महत्त्वाचा झालाय.

आपल्या दाखल्यावर नाव मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीत असतं. अर्ज भरताना दोन्ही तुम्ही स्वतः ठळक लिहून द्या, तोंडी सांगू नका. प्रिंट काढायच्या आधी स्क्रीनवर बघायला मागा. ऋ ला काय काय होतं ते मी पाहिलंय: रुभू, रूभु, रृभू, ॠभू. शेवटचा तर वेगळाच स्वर आहे, दीर्घ ॠ, तो बघताना चटकन लक्षातही येत नाही. एकदा लसीकरणाच्या कार्डावर चक्क ऋषभ लिहून आलं होतं, कारण लिहिणाऱ्या ताईंना वाटलं मी अर्धवट बोलले.

आधारला तर इंग्रजी टाईप केलं की मराठी आपोआप येतं आणि ते हमखास "रुभू" येतं. ऑपरेटरला तिथल्या तिथे थांबवून ऋ करून घ्या, पावतीवर मराठी नाव वाचून मगच पुढे जा. आधारवर नाव बदलायची संधी आयुष्यात दोनदाच मिळते, ती असल्या चुकांवर कशाला घालवायची.

नक्षत्राच्या अक्षरात बसतं का?

अवकहडा चक्रात, म्हणजे जन्मनक्षत्रावरून नावाचं अक्षर बघायच्या तक्त्यात, ऋ असं अक्षर वेगळं नाही, मग उच्चारावरून बघतात. रू हे स्वाती नक्षत्राचं पहिलं चरण, री हे चित्राचं चौथं. गंमत म्हणजे दोन्ही तूळ राशीतच येतात, म्हणजे रुभू म्हणा की रिभू म्हणा रास बदलत नाही. बाळाचं अक्षर वेगळं असेल तर नक्षत्राचं नाव पाळण्यात वेगळं ठेवून व्यवहारात ऋभू ठेवणारी कितीतरी घरं आहेत.

रिपू सारखं नाही का वाटत? रिपू म्हणजे शत्रू ना?

रिभू म्हटलं तर वाटतं, खासकरून फोनवर. षड्रिपू सगळ्यांना पाठ असतात त्यामुळे एखादी आजी विचारतेच. रुभू म्हटलं की हा प्रश्न येत नाही, आमच्याकडे कधीच आला नाही. शब्द म्हणून दोघांचं काही नातं नाही.

मुलं "भुभू" म्हणून चिडवतील का?

चिडवतील कदाचित. लहान मुलांच्या भाषेत भुभू म्हणजे कुत्रा, आणि ऋभू-भुभू हे यमक कोणत्याही चार वर्षांच्या मुलाला सुचणारच. हे लपवण्यात अर्थ नाही म्हणून सांगतेय. पण चिडवायला न येणारं नाव मी अजून ऐकलेलं नाही. मुलाला आधीपासून त्याच्या नावाची गोष्ट सांगून ठेवा, रथ बनवणारे, एकाचे चार पेले करणारे. आमचा पठ्ठ्या हल्ली कोणी चिडवलं की "मी रथ बनवतो" असं तावातावाने सांगतो आणि समोरचं पोर रथ कसला म्हणून त्यातच अडकतं.

टोपणनाव काय?

दोन अक्षरांच्या नावाला अजून काय छोटं करणार. ऋभ्या, ऋभ्स, नुसतं "रु". मोठ्यांनी भू म्हणू नये, कारण वर लिहिलंय ते.

मुलीला चालेल का?

वेदात शब्द पुल्लिंगी आहे. मराठीत मधू, रेणू अशी ऊ ने संपणारी नावं दोघांनाही चालतात, त्यामुळे कानाला खटकणार नाही, पण मुलीसाठी मी ऋता किंवा ऋजुता घेईन. ऋ पण राहतो आणि अर्थही फार सुंदर.

जुळ्यांसाठी किंवा भावासाठी जोडीचं नाव?

विभू. वेदातल्या दुसऱ्या भावाचं नाव विभ्वा, त्याच्या जवळचं, आणि उच्चाराला अजिबात त्रास नाही. वाज हे नाव ऐकायला दमदार आहे पण मराठीत "वाजणे" मुळे लोक हसतील, मी तरी ठेवणार नाही. फक्त ऋभू-विभू जुळे असतील तर घरात एकाला हाक मारली की दोघं येतात, ही तयारी ठेवा.

लोक सतत चुकीचं म्हणतात, दरवेळी दुरुस्त करायचं का?

हो, पण एकदा, आणि हसून. "रुभू, ऋतूमधला ऋ" एवढं पुरतं. हे छोटं वाक्य घरातल्या सगळ्यांनी एकसारखं म्हणायचं, आजोबांनी वेगळं उदाहरण आणि मावशीने वेगळं असं नको. फोनवर नाव सांगताना मी आधी "ऋषीतला ऋ" आणि मग "भूगोलातला भू" म्हणते, आजवर कोणाला परत सांगावं लागलं नाही. शाळेत पहिल्या आठवड्यात बाईंना प्रत्यक्ष भेटून उच्चार सांगा, कारण वर्गातली सगळी मुलं बाईंचंच ऐकून म्हणणार, आणि एकदा पंचवीस मुलांच्या तोंडी रिबू बसलं की मग ते वर्षभर तसंच राहतं.

परदेशी लोकांना भ जमत नाही, त्यांच्या भाषेत तो आवाजच नसतो, त्यांचं "रुबू" चालवून घ्या. मूल साधारण तीन वर्षांचं झालं की स्वतःच सांगायला लागतं, आणि मुलाने सांगितलेलं लोक जास्त लक्षात ठेवतात.

आमच्या घरात अर्धे रि म्हणतात, अर्धे रु. नवऱ्याचं माहेर, सॉरी, सासर इंदूरकडचं आहे.

हा मेसेज मला जसा आला तसाच ठेवलाय. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांत दोन्ही उच्चार असतातच. आईवडिलांनी एक ठरवावा, स्पेलिंग त्याप्रमाणे करावं आणि आजी-आजोबांना त्यांच्या सवयीने म्हणू द्यावं. बाळाला दोन्ही आवाज आपलेच आहेत हे कळतं. अडचण तेव्हाच होते जेव्हा आईवडीलच एकमेकांना दुरुस्त करत राहतात.

मोबाईलवर ऋ टाईप कसा करायचा?

मराठी कीबोर्ड घेतला असेल तर स्वरांच्या ओळीत ऋ असतोच, नाहीतर र दाबून धरून बघा. इंग्रजीतून मराठी करणाऱ्या कीबोर्डवर रुभू येतं, वरच्या सुचवण्यांमध्ये ऋभू शोधून एकदोनदा निवडलं की तो शिकतो. कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट वापरत असाल तर शिफ्ट दाबून अधिक-बरोबरच्या चिन्हाची की, शिफ्ट न दाबता तीच की दाबली की कृ मधला खालचा ृ येतो. नातेवाईकांना ऋभू हा शब्द एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा, म्हणजे वाढदिवसाच्या केकवाल्याला ते तोच कॉपी करून पाठवतील.